राजाचा अनुग्रह आणि विजेची मोटार

नालासोपारा स्थानकावर उतरून पश्चिमेकडे चालू लागले की काही वेळाने इमारतींची दाटी विरळ होते आणि जुन्या सोपारे गावाची, म्हणजे प्राचीन शूर्पारकाची, हद्द लागते. येथील ज्या टेकाडाला लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत आले, ते बौद्ध स्तूपाचे आहे हे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन करून दाखविले. आणि त्याच वर्षी या गावात त्यांना जो एक फुटका अक्षरांकित पाषाण मिळाला, तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा निघाला. तुकड्यावरील अक्षरे मोजकी आहेत. परंतु हेच शासन गिरनार आदी ठिकाणी टिकून राहिल्यामुळे त्याचा आशय आपणांस ठाऊक आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत आणि मृगयेत व तत्सम विलासांत रमत. या राजाने मात्र राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर धर्मयात्रा आरंभिली, आणि तीत श्रमण-ब्राह्मणांस दान, वृद्धांस सुवर्णाचे साहाय्य आणि जनपदातील लोकांच्या भेटी असा क्रम ठेविला. राजाने कशासाठी प्रवास करावा आणि त्या प्रवासात कोणाच्या हातावर काय ठेवावे, हा प्रश्न ज्या भूमीत सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला, त्याच भूमीत राहून आज प्रवास आणि राजकोश यांच्या संबंधाचा विचार करणे मला अगत्याचे वाटते.

विजेच्या मोटारींना आणि त्या घडविणाऱ्या कारखानदारांना सरकारी तिजोरीतून साहाय्य द्यावे की नाही, हा वाद अर्थशास्त्रज्ञांचा समजला जातो. मला तो धर्माचा वाटतो, ज्याच्या योगे समाज धरला जातो त्या अर्थाने धर्माचा. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे जे सात्त्विक, राजस आणि तामस असे भेद केले आहेत, त्यांत सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र यांचा विवेक लागतो. मनुष्य स्वतःच्या घरचे देताना हा विवेक चुकला तर नुकसान त्याचे एकट्याचे. परंतु जो रयतेच्या महसुलातून देतो तो विश्वस्त असल्यामुळे पात्र निवडण्यात झालेली त्याची चूक प्रत्येक रयतेच्या ताटातून काही ना काही काढून घेते.

आता आकडे पाहू. महाराष्ट्र शासनाने 2021 च्या जुलैत जाहीर केलेल्या विद्युत वाहन धोरणात पहिल्या 10,000 मोटारींस प्रत्येकी दीड लाख रुपयांपर्यंत, आणि लवकर खरेदी करणारास त्यावर आणखी एक लाखापर्यंत, अनुदान ठेविले होते. 2025 च्या एप्रिलात मंजूर झालेल्या नव्या धोरणासाठी 1,993 कोटींची तरतूद झाली आणि अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्ग यांवर विजेच्या मोटारींना टोलमाफी देण्याचे ठरले. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात 30 लाखांहून अधिक किमतीच्या विजेच्या मोटारींवर 6 टक्के कर सुचविला होता, तो मार्च सरण्यापूर्वीच मागे घेण्यात आला. केंद्राचा वस्तू व सेवा कर या मोटारींवर 5 टक्केच आहे. आणि वाहने व सुटे भाग बनविणाऱ्या कारखानदारांना उत्पादनाच्या प्रमाणात प्रोत्साहन देणारी जी योजना 2021 साली मंजूर झाली, तिची रक्कम 25,938 कोटी रुपये आहे. न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे, की केंद्राने ऑक्टोबर 2024 पासून सुरू केलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत बसगाड्या, रुग्णवाहिका, मालट्रक, दुचाकी व तिचाकी यांनाच साहाय्य ठेवून मोटारींना वगळले. हा विवेक स्तुत्य आहे.

आमच्या वसईतील इमारतीच्या खांबांखालच्या पार्किंगमध्ये गेल्या पावसाळ्यापासून एक पांढरी विजेची मोटार उभी असते. रात्री तिच्या चार्जरवरचा हिरवा दिवा तेवत असतो, आणि तेथून दोन खांब सोडून आमचा वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असतो. मोटारीचे मालक सज्जन गृहस्थ आहेत. हवा बिघडू नये या खऱ्या तळमळीने त्यांनी ती घेतली, आणि सरकारने देऊ केलेली सूट नाकारावी अशी अपेक्षा मी त्यांच्याकडून करणार नाही. परंतु त्या वॉचमनने गावाकडच्या बायकोमुलांशी बोलता यावे म्हणून मोबाइलचे रिचार्ज केले, तर त्यावर 18 टक्के कर बसतो आणि त्या मोटारीवर 5 टक्के बसला, हे कळल्यापासून त्या हिरव्या दिव्याकडे मला निर्वेधपणे पाहता येत नाही.

आपल्या परंपरेत राजाने कोणाला काही देऊच नये असे कोणी म्हटलेले नाही. कौटिल्याने जनपदनिवेशाच्या प्रकरणात अनुग्रह आणि परिहार असे दोन शब्द योजिले आहेत. अनुग्रह म्हणजे प्रत्यक्ष साहाय्य आणि परिहार म्हणजे करमाफी. आजच्या अनुदानाला आणि सवलतीला याहून नेमके शब्द मला आढळले नाहीत. कोशाची वृद्धी होईल असेच अनुग्रह-परिहार शेतकऱ्यांना द्यावेत आणि कोशाला घात करणारे टाळावेत, अशी त्याची मर्यादा आहे. पण यापेक्षा निकटचा आणि मला अधिक प्रिय असा दाखला आपल्याच कोकणातला आहे. सन 1676 च्या सप्टेंबरात शिवाजी महाराजांनी मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस जे पत्र धाडले, त्यात गावोगाव फिरून कुणबी गोळा करावेत, ज्याच्यापाशी माणूसबळ आहे पण बैल नाही, पोटास दाणा नाही, त्याला बैलासाठी रोख पैसा आणि खाण्यास धान्य द्यावे, आणि ते वाढीदिढी न लावता, केवळ मुद्दल, त्याला तवानगी येईल तसतसे सावकाश वसूल करावे, असा हुकूम आहे. या कामी दोन लाख लारींपर्यंत (लारी हे तेव्हाचे एक नाणे) बोजा पडला तरी तो सोसण्याची सरकारची तयारी त्यात सांगितली आहे. बैल ज्याच्या गोठ्यात आहे त्याला दुसरा बैल घेऊन द्यावा असे त्या पत्रात कोठेही नाही. तगाई त्याला, ज्याचे पाऊल साधनावाचून अडले आहे. आणि तो उभा राहिला की मुद्दल परत, म्हणजे तोच पैसा पुढच्या अडलेल्याला. पात्र, काळ आणि परतफेड या तिन्हींचा विचार ज्या एका फर्मानात इतक्या स्पष्टपणे आला आहे, ते आपल्या दप्तरात असता या वादात आपण परदेशी पंडितांच्या तोंडाकडे का पाहावे?

विरुद्ध पक्षाचे एक म्हणणे मात्र वजनदार आहे, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात, नवी वस्तू प्रारंभी महागच असते. धनिकांनी ती घेतली म्हणजे कारखाने वाढतात, किंमत उतरते आणि मग ती सर्वांच्या आवाक्यात येते. शिवाय हवा सर्वांची एकच असल्यामुळे धनिकाच्या मोटारीचा धूर थांबला तर लाभ गरिबाच्या फुप्फुसालाही होतो. 2018 च्या जुलैत पावसाने वसई-विरारची रेल्वे बंद पाडली आणि मिठागरातली माणसे चहूंकडच्या पाण्यात अडकली, ते दिवस पाहिलेला मनुष्य ऋतूंच्या बिघाडाची ही चिंता हसण्यावारी नेणार नाही. तेव्हा तात्त्विक प्रश्न असा उरतो: ज्याला गरज नाही त्याच्या हातावर ठेविलेले दान त्याच्या हातून गरजवंतापर्यंत पोहोचणार असेल, तर ते धर्म्य ठरते काय? मी या प्रश्नाशी पुष्कळ झगडलो आहे. माझे उत्तर असे की ते धर्म्य ठरू शकते, परंतु पोहोचण्याची हमी दात्याने लिहून घेतली असेल तरच. किती काळाने किंमत किती उतरली पाहिजे, न उतरल्यास काय परत करावयाचे, हे सनदेतच असले पाहिजे. एरवी ते इनाम होते, आणि इनामाची सवय लागलेले घराणे आपण होऊन ते सोडत नाही.

आणि विजेवर चालणारे वाहन आम्हांला नवे कोठे आहे? बोरिवलीपासून विरारपर्यंतच्या लोहमार्गावर 1936 सालीच वीज आली. तेव्हापासून आमच्या तीन पिढ्या विजेवरच कामाला गेल्या, उभ्याने, दाराला लोंबकळत, आणि कित्येकदा परत न येता. रेल्वेच्या प्रवासी भाड्यातही सरकार खोट सोसते. 2022-23 साली ही सवलत देशभरात 56,993 कोटींची, म्हणजे खर्चाच्या सरासरी 46 टक्के होती. हा अनुग्रह मला पूर्णपणे धर्म्य वाटतो, कारण तो ज्याच्या पदरी पडतो त्याला दुसरे साधन नाही. पहाटेच्या लोकलच्या मालडब्यात आमच्या गावांतल्या बायका ओल्या फडक्याने झाकलेल्या सोनचाफ्याच्या टोपल्या घेऊन दादरच्या बाजारास निघतात. त्यांतल्या एका वृद्ध मावशींना मी प्रवासखर्चाचे विचारले. “दादरचं काय नाय बाबा, पास हाय,” त्या म्हणाल्या, “गावातून टेशनापर्यंत रिक्षाला जातात ते पैसे. पहाटेची बस असती तर ते तरी वाचले असते.” महानगरपालिकेच्या परिवहन सेवेत विजेच्या बसगाड्या आता आल्या आहेत, मावशींच्या पहाटेला मात्र त्यांतली एकही उभी नसते.

स्वस्त साधनाला सुरक्षिततेची जोड न मिळाली तर काय होते, तेही या गावाने पाहिले आहे. 2022 च्या सप्टेंबरात वसईत विजेच्या स्कूटरची बॅटरी घरात चार्जिंगला लावलेली असता फुटली, आणि झोपेत भाजलेला सात वर्षांचा मुलगा काही दिवसांनी गेला. ज्यांच्या मोटारीला इमारतीखाली स्वतंत्र जोडणी मिळते, त्यांच्या घरात बॅटरी उशाशी येत नाही.

याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हिरवी वसई वाचविण्यासाठी उभे राहिले तेव्हा पर्यावरणाचा आणि गरीब माणसाचा लढा त्यांना दोन वाटला नाही. पोप फ्रान्सिस यांच्या 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचे मर्मही तेच आहे. या दृष्टीने पाहिले तर, ज्या विजेला आपण निर्मळ म्हणतो, तिच्यातली काही आमच्याच जिल्ह्यात डहाणूला कोळसा जाळून मुंबईकडे जाते. आणि तारापूरच्या अणुकेंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. मोटारीचा धूर शहराच्या रस्त्यावरून नाहीसा होतो खरा, परंतु त्याचा काही भार किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात उतरतो, आणि त्या अंगणाचा मालक अनुदानाच्या यादीत कोठेही नसतो.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे. कारखानदाराला द्यावयाचे ते तगाई म्हणून, मुदतीने आणि मुद्दल परतीच्या अटीने द्यावे. महाग खासगी मोटारीची करमाफी व टोलमाफी थांबवावी. आणि ती रक्कम पहाटेच्या बसला, लोकलच्या जादा डब्यांना आणि वस्तीवस्तीतल्या सुरक्षित चार्जिंगच्या जागांना आधी मिळावी. वसई-विरारच्या लोकप्रतिनिधींना माझी एवढीच विनंती आहे, की येत्या अर्थसंकल्पाच्या वेळी मोटारींना दिलेली सूट किती आणि निर्मळ, भुईगाव, आगाशी, अर्नाळा या गावांच्या बसला दिलेले साहाय्य किती, हे दोन आकडे एकाच पानावर छापून घ्या, आणि ते पान आमच्या हाती द्या.