न पेटलेल्या दिव्याची साक्ष

अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे पीडीपी-११ मालिकेतले मिनिकॉम्प्युटर १९७० पासून विकले जाऊ लागले. त्यांच्या दुरुस्तीला जाणाऱ्या अभियंत्यांपाशी केएम११ नावाचा बोर्ड असे: २८ दिवे आणि ४ खटके. तो प्रोसेसरच्या राखीव स्लॉटमध्ये बसवला की यंत्र एकेक पाऊल चालवून आतली स्थिती दिव्यांवर वाचता येई. १९९८ मध्ये कॉम्पॅकने ही कंपनी विकत घेतली. आज मूळ बोर्ड सहसा मिळत नाहीत, म्हणून जुनी यंत्रे चालती ठेवणारे हौशी लोक त्यांच्या प्रतिकृती बनवून वापरतात. मग प्रश्न येतो, ज्याच्या आधारे खरे-खोटे ठरवायचे त्याचा खरेपणा कशावरून? मूळ कंपनीच्या शिक्क्यावरून, हे उत्तर चटकन सुचते. मला ते पटत नाही.

याच प्रश्नावर न्यायदर्शनाच्या सूत्रांत तराजूचा दृष्टान्त आहे. तराजू सोने तोलतो तेव्हा तो प्रमाण, म्हणजे जाणण्याचे साधन, असतो. त्याच्याविषयीच शंका आली की ठाऊक वजनाच्या सोन्याने त्याला पारखतात, आणि तेव्हा तोच प्रमेय, म्हणजे जाणून घ्यायची वस्तू, होतो. म्हणजे प्रामाण्य वस्तूच्या कुळात नसते, ती त्या वेळी करत असलेल्या कामात असते. यावर बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचा ‘विग्रहव्यावर्तनी’ या ग्रंथातला आक्षेप येणारच: प्रमाणाला दुसरे प्रमाण, त्याला तिसरे, मग थांबायचे कुठे? आक्षेप तगडा आहे, पण सगळ्यावर एकदम शंका घेतली तरच तो लागू पडतो. इथे शंका एका दिव्यापुरती असते. त्या दिव्याला सिग्नल देणाऱ्या पिनेवरचे व्होल्टेज मोजावे. सिग्नल असूनही दिवा पेटत नसेल तर दोष बोर्डाचा. सिग्नलच नसेल तर मागच्या चिपकडे जावे, ती बदलावी. यंत्र चालू लागले, तर न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन ज्याला प्रवृत्तिसामर्थ्य (ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळणे) म्हणतो ती कसोटी लागली.

न पेटलेला दिवा ही मात्र अवघड साक्ष. वस्तू असती तर दिसलीच असती, ही खात्री असल्याशिवाय तिचा अभाव सिद्ध होत नाही. दर्शनकारांची योग्य अनुपलब्धी ती हीच. मूळ बोर्डावर तंतूचे बल्ब होते. असा बल्ब पेटला नाही तर सिग्नल नाही म्हणायचे, की तंतू तुटला? प्रतिकृतीत एलईडी असतात आणि ते सहसा जात नाहीत. अस्सलपणाच्या आग्रह्यांना हा बदल खुपतो, पण साक्षीदार म्हणून नक्कलच इथे सरस ठरते. (संग्रहालयाच्या कपाटात अर्थातच मूळ बोर्ड हवा, तिथे त्याला काही तपासायचे नसते.) खरा धोका वेगळाच आहे. दहा प्रतिकृती एकाच चुकीच्या नकाशावरून बनल्या, तर त्यांचे एकमत म्हणजे दहा साक्षी नव्हेत, एकच. म्हणून प्रतिकृती पडताळायची ती कंपनीच्या मूळ आराखड्यांशी. शिक्क्याला जागा मिळते ती इथे, शब्दप्रमाण म्हणजे विश्वासार्ह वचन म्हणून. तेही डोळे मिटून घेता येत नाही, कारण कंपनी आपल्या यंत्रांत वेळोवेळी दुरुस्त्या करत असे, आणि हातातला कागद समोरच्या यंत्राच्या आवृत्तीचा आहे ना, हे आधी पाहावे लागते.