आपल्या वाट्याचे कागद



आज एका व्यवहारातल्या प्रश्नाचा विचार तुमच्यापुढे मांडतो. कोणी आपले काम अर्धे टाकून गेला, घेतलेल्या पैशाचा हिशेब देईना, तर परमार्थाच्या वाटेवरच्या माणसाने काय करावे? मागावे की सोडून द्यावे? चाळीस वर्षे कीर्तनात उभा राहून मी या प्रश्नाचे उत्तर एकाच शब्दात दिले: 'सोडा'. श्रोत्यांच्या माना डोलायच्या आणि मलाही बरे वाटायचे. आता पंच्याहत्तरी जवळ आली, आवाज बसला, वीणा भिंतीला टेकली. आणि या वयात एका खड्ड्याने मला माझेच उत्तर पुन्हा तपासायला लावले.

आमचे नातेपुते तुम्हाला मुक्कामाचे गाव म्हणून ठाऊक आहे. ज्ञानोबारायांची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते, आमच्याकडे रात्र काढते आणि दुसऱ्या दिवशी पुरंदावड्याचे रिंगण करून माळशिरसला जाते. हा कमी पावसाचा मुलूख. नीरा उजव्या कालव्याचे पाणी पोचते तिथे ऊस डोलतो, न पोचते तिथे बाजरी आभाळाकडे बघत बसते. अशा गावात एका गृहस्थाने मळ्यात बंगला बांधला आणि परसात पोहण्याचा तलाव करायचे ठरवले. मुले पुण्याला, नातवंडे सुट्टीला येणार, त्यांना डुंबायला जागा हवी, एवढाच हेतू. आमच्या पिढीचे पोहणे म्हणजे विहीर, पाठीला बांधलेला रिकामा डबा आणि काठावरून ढकलून देणारा चुलता. पण काळ बदलला, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

काम आठ लाखाला ठरले. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, चार फूट खोल. कागद केला नाही. ओळखीतला माणूस, कागद कशाला? मालकाने तीन हप्त्यांत पाच लाख दिले. खोदाई झाली, तळाला सळई बांधून काँक्रीट पडले, तीन भिंती उभ्या राहिल्या, चौथी कमरेपर्यंत आली. आणि माघ महिन्यात एके सकाळी काम थांबले. फरशी नाही, पंप नाही, ठेकेदार फोन उचलेना.

मालक म्हणाले, 'पाच लाख गिळून बसलाय.' ठेकेदाराला विचारले तर तो म्हणाला, 'चार फूट ठरलं होतं. निम्म्यात यांनी पाच फूट करा म्हणून सांगितलं, पायऱ्या वाढवल्या. खाली खडक लागला, ब्रेकर लावावा लागला. त्याचं कुणी धरलं का?' माउली, दोघेही खोटे बोलत नव्हते. प्रत्येक जण आपल्याला सोयीचे तेवढे खरे बोलत होता.

मालक माझ्याकडे आले. 'महाराज, केस करू का?' मी त्यांना म्हणालो, 'अण्णा, माउलींच्या मुक्कामाच्या गावात भांडण नको. पांडुरंगाला वाहिले समजा आणि सोडून द्या.' त्यांचा चेहरा पडला, पण माझ्या शब्दाचा मान म्हणून ते 'बरं' म्हणाले. त्या रात्री मला शांत झोप लागली. मी एक भांडण मिटवले होते ना!

आठ दिवसांनी दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हाताला सिमेंटने चिरा पडलेल्या. त्या खड्ड्यावर काम केलेल्या सात जणांपैकी ती एक. म्हणाली, 'महाराज, तुम्ही मालकाला सोडून द्या म्हणालात म्हणं. आमची मजुरी थकलीय. ठेकेदार म्हणायचा, मालकाचा हप्ता आला की देतो. आता म्हणतो, तिथला व्यवहार संपला, तिथनं काही येणार न्हाई. मग आमचं कुणी द्यायचं?'

प्रत्येक सिद्धान्ताला प्रमाण देणे ही आम्हा कीर्तनकारांची सवय. त्या बाईच्या प्रश्नाला माझ्याजवळ एकही प्रमाण नव्हते. मी तिला पाणी दिले, बसायला सांगितले. ती बसली नाही.

त्या रात्री मला तुकोबारायांच्या चरित्रातला एक प्रसंग आठवला. तो मी शेकडो वेळा सांगितला आहे. दुष्काळ सरला, तुकोबांना वैराग्य झाले, आणि वाडवडिलांच्या सावकारीतली कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. इथे मी थांबायचो, टाळ वाजायचे, श्रोते भारावून जायचे. पण परंपरेने सांगितलेली कथा तेवढीच नाही. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, तुम्ही विरक्त झालात, माझ्या लेकराबाळांचे काय? तेव्हा तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले. अर्धे कान्होबांच्या हाती दिले आणि फक्त आपल्या वाट्याचे बुडवले. हे वाक्य मी आयुष्यभर घाईने उरकत आलो. सारा धर्म तर त्यातच होता.

तुकोबांच्या वैराग्याला सीमा नव्हती, पण त्यांच्या हाताला होती. दुसऱ्याच्या हक्काच्या कागदापाशी तो हात थांबला. मी मात्र माझा एकही कागद नसताना अण्णांचे कागद बुडवायला सांगितले. आणि अण्णांच्या कागदांत त्या सात जणांची मजुरी गुंडाळलेली होती, हे पाहिलेसुद्धा नाही. परक्याच्या पैशावर उदार होणे सोपे असते, माउली. त्याला क्षमा म्हणत नाहीत.

इथे कोणी पूर्वपक्ष करील. 'महाराज, संसार मिथ्या, पैसा नाशिवंत. वारकऱ्याने हिशेबाच्या वह्या कशाला धराव्यात? तक्रार करणे हे भक्ताचे लक्षण नव्हे.' हा पूर्वपक्ष मी स्वतः मांडत आलो, म्हणून त्याचे उत्तरही मीच दिले पाहिजे.

पहिले उत्तर वारीच देते. पालखी मुक्कामाला पोचली की समाज आरती होते, हे तुम्ही पाहिले असेल. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा एकच कल्लोळ चालू असतो. चोपदार आपला दंड उंच करतात आणि क्षणात हजारो माणसे शांत होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ थांबत नाहीत. ते वाजतच राहतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, तक्रार ऐकून घेतात, तिची दखल घेतली जाते आणि त्यानंतर आरती होते. किती सुंदर रीत आहे ही! माउलींची आरतीसुद्धा एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी थांबते. 'देवाच्या दारात तक्रार कसली?' असे तिथे कोणी म्हणत नाही. ती बाई माझ्या दारात आली तेव्हा तिचे टाळ वाजत होते, आणि मी ऐकून न घेताच आरती उरकली होती.

दुसरे उत्तर नाथांचे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या पदरी असताना हिशेबात एका पैची चूक लागेना म्हणून एकनाथ महाराज रात्रभर जागले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा आहे. स्वामींनी त्यांना सुचवले की एका पैच्या चुकीसाठी एवढी तळमळ, तर जन्माच्या चुकीसाठी केवढी असावी! आम्ही या कथेतला उत्तरार्ध सांगतो. पण ज्याला पैची चूक बोचते त्यालाच जन्माची चूक दाखवता येते, हा तिचा पूर्वार्धही ध्यानात घ्यावा. गुरूंनी वही फाडून टाकायला सांगितले नाही.

आणि तिसरे, आमच्याच जिल्ह्यातले. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचे काम चालू असताना ती कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर ढिगाऱ्याखाली गेले. नामदेवरायांनी तिथे जाऊन त्यांच्या अस्थी ओळखून पंढरीला आणल्या, महाद्वारापाशी समाधी दिली. आपण त्या समाधीवर डोके टेकवतो ते एका बांधकामावरच्या मजुरापुढे. मग बांधकामावरच्या जिवंत मजुराची मजुरी थकली असता 'सोडून द्या' कोणत्या तोंडाने म्हणायचे?

व्यवहार मिथ्या आहे म्हणणाऱ्याला माझे एवढेच विचारणे आहे, की देताना मिथ्या वाटणारा पैसा घेताना खरा का वाटतो?

दुसऱ्या दिवशी मी अण्णांकडे गेलो आणि आधी त्यांची क्षमा मागितली. मग एका ओळखीच्या वकिलांना विचारले. ते म्हणाले, घर-बांधणी ही ग्राहक कायद्याने सेवा धरली आहे, जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्याचबरोबर १८७२ च्या करार कायद्यात असेही आहे की, फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी आपल्यासाठी काम केले आणि आपण त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. म्हणजे अण्णांनी वाढवून घेतलेला एक फूट हाही हिशेबात धरला पाहिजे. कायद्याची पुस्तके मी वाचलेली नाहीत, पण हे ऐकून वाटले की यात नाथांच्या पैसारखेच काही आहे.

आम्ही बसलो. अण्णा, ठेकेदार, मजुरांच्या वतीने ती बाई आणि तिचा दीर, मापे घ्यायला गावातला एक इंजिनिअर, आणि मी. मी ठेकेदाराला म्हणालो, 'बाळा, विसार घेऊन काम टाकणे हे पाप आहे.' त्याने वर पाहिले आणि शांतपणे विचारले, 'महाराज, तुम्ही कधी तारीख देऊन चुकवली नाही का?'

मी गप्प झालो. कारण चुकवली होती. तीस वर्षांपूर्वी माण तालुक्यातल्या एका छोट्या गावाने सप्त्यात काल्याच्या कीर्तनासाठी मला बोलावले, जाण्यायेण्याचे भाडे आधी पाठवले. त्याच दिवशी मोठ्या गावाच्या सप्त्याचे बोलावणे आले. मी मोठ्या गावाला गेलो. त्या छोट्या गावात लोक दुपार टळेपर्यंत मंडपात बसून राहिले, असे नंतर कानावर आले. भाड्याचे पैसे मी परत केले नाहीत. निरोपसुद्धा पाठवला नाही. मी तिथे सर्वांसमोर हे सांगितले. त्यानंतर बैठकीतला ताठा गेला. कोणी कोणाला चोर म्हणेना, नुसती मापे निघू लागली.

ठरल्याप्रमाणे झालेले काम ३ लाख ७० हजारांचे भरले. वाढीव खोली, पायऱ्या आणि खडक यांचे ४० हजार अण्णांनी कबूल केले. एकूण ४ लाख १० हजार. म्हणजे ठेकेदाराकडे ९० हजार जास्त गेलेले, आणि मजुरांचे ६२ हजार त्याने देणे. तो म्हणाला, तो पैसा दुसऱ्या कामाच्या सिमेंटला गेला. दुसरे काम तिसऱ्याच्या पैशावर, तिसरे चौथ्याच्या. त्याचे दिवस असे चालले होते. मला त्याची दयाही आली.

ठरले ते असे. आधी मजुरी, कारण ते पोटाचे. ती त्याने पंधरा दिवसांत बाईच्या हातात मोजून दिली. ९० हजारांपैकी ४० हजार अण्णांनी सोडले. या वेळी मी काही सुचवले नव्हते. ते आपणहून म्हणाले, 'हे माझ्या वाट्याचे. एवढे मी इंद्रायणीत सोडले.' उरलेले ५० हजार दहा-दहाच्या पाच हप्त्यांत. हे सगळे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. तीन हप्ते आले आहेत. चौथा लांबला आहे. पण अण्णा आणि तो रस्त्यात भेटले तर कोणी मान फिरवत नाही.

क्षमेच्या आधी हिशेब का हवा, ते मला इथे कळले. पहिल्या वेळी अण्णांनी सोडले तेव्हा किती सोडले हे त्यांनाही माहीत नव्हते. त्यामुळे मनात पाचही लाख सलत राहिले. दुसऱ्या वेळी त्यांनी चाळीस हजार सोडले आणि ते खरोखर सुटले. जे मोजले नाही ते सोडताही येत नाही, फक्त गिळता येते, आणि गिळलेले पुढे कधीतरी वर येते.

शब्दाचेही तसेच. हैबतबाबांनी पालखी सोहळ्याला शिस्त लावली तेव्हापासून अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व दर वर्षी चालत आळंदीला येतात. पिढ्या बदलल्या, शब्द राहिला. पण तो शब्द नेमका आहे, कोणी काय द्यायचे आणि कधी पोचायचे ते ठरलेले आहे. आमच्या खड्ड्याचा शब्द 'ओळखीतला माणूस' एवढाच होता. ओळख ही प्रेमाची गोष्ट, तिच्यावर मापाचे ओझे टाकू नये. माप कागदावर लिहावे, म्हणजे ओळख मोकळी राहते.

तलाव पुरा झालेला नाही. भरला असता तर ६४ हजार लिटर पाणी लागले असते, म्हणजे दहा हजारांचे सहाहून जास्त टँकर. अण्णा आता नातवंडांसाठी लहान हौद पुरे म्हणतात. आषाढात भोवती दिंड्या उतरतात, लेकरे फिरतात, म्हणून त्यांनी पालखी येण्याआधी खड्ड्याला चारी बाजूंनी पत्रे लावून घेतले.

मीही श्रावणात माण तालुक्यातल्या त्या गावी जाऊन आलो. ज्यांनी मला बोलावले होते ते वारले. त्यांच्या मुलाच्या हातात भाड्याचे पैसे ठेवले, काय घडले ते सांगितले. तो म्हणाला, 'महाराज, आम्हाला तर आठवतही नाही. जाऊ द्या.' त्याने माफ केले. पण त्याच्या वाट्याचे. मंडपात दुपार टळेपर्यंत बसलेल्या त्याच्या वडिलांच्या वाट्याचे माफ करायला कोणी उरले नव्हते. ते मी बरोबर घेऊन जाणार.

तुमच्याकडे असा एखादा कागद असेल, माउली, तर देणारा-घेणारा दोघेही आहेत तोवर उघडा.

रामकृष्णहरी.