झोत आणि विसावा

चैत्रात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ऊन थेट जमिनीवर उतरतं. पाणी राखायला सागानं पानं टाकलेली असतात. ऊन सर्वांत कडक, तेव्हाच सावली सर्वांत विरळ. शेजारचा मोह मात्र याच तापात तांबूस पालवी धरतो. त्याच्याखाली भल्या सकाळी बाया टोपल्या घेऊन मोहफुलं वेचत असतात. ऊन एकच, झाडागणिक त्याला उत्तर वेगळं.

सोन्याच्या सूक्ष्म कणाजवळ तर एकट्याचीच दोन उत्तरं असतात.

काही नॅनोमीटरचे हे कण पाण्यात विखुरले की पाणी पिवळं नाही, लालबुंद दिसतं. मायकल फॅरडे यांनी १८५७ साली याचा अभ्यास मांडला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या पानांच्या अर्कात सोन्या-चांदीचे असे कण घडवले; ते काम २००४ साली प्रसिद्ध झालं.

साध्या उजेडात या पाण्याचा हिशेब सरळ असतो. उजेड दुप्पट, तर शोषणही दुप्पट. पण लेझरचा हिरवा झोत थांबत-थांबत, स्पंदांनी पडू लागला की हा हिशेब मोडतो. कणातले इलेक्ट्रॉन तापतात, आणखी प्रकाश घेणं त्यांना पूर्वीसारखं जमत नाही. पाणी जास्त पारदर्शक होतं. झोत आणखी वाढवला, की बहुतेकदा तेच पाणी उलट प्रकाश अडवू लागतं. लेझरपासून डोळे वाचवण्यासाठी या गुणाचा उपयोग शोधला जातो.

असा एक स्पंद दहा नॅनोसेकंदांचा धरू. सेकंदाला दहा स्पंद पडले, तरी दोन स्पंदांमधला विसावा स्पंदाच्या सुमारे एक कोटी पट भरतो. तेवढ्यात कण निवतो, पूर्वीसारखा होतो. झोत फारच तीव्र असला, तर मात्र कण वितळतो आणि त्याचा आकार बदलतो. मग मागे फिरणं नाही.

माणसाचा स्वभाव म्हणून आपण जो सांगतो, तो बहुधा साध्या उजेडातला असतो. हा शांत, ती सोशिक. कठीण काळात तेच माणूस वेगळं वागलं, की आपण म्हणतो, आता खरा रंग दिसला. पण आधीचा रंगही खराच होता. तेव्हा उजेड निराळा होता, इतकंच.

म्हणून कुणाला पारखताना त्याच्यावर किती झोत पडला, ते पाहावं. आणि दोन झोतांच्या मधे त्याला किती विसावा मिळाला, तेही विचारावं.