चिकाटीचा खर्च कोण उचलतो?

उद्योजकांची चरित्रे आपण बहुधा गुण टिपून घेण्यासाठी वाचतो. जिद्द, धडाडी, चिकाटी हे शब्द शाळेच्या धड्यापासून सत्काराच्या मानपत्रापर्यंत सारखेच फिरत असतात. त्यांतला चिकाटी हा शब्द मला सर्वांत संशयास्पद वाटतो. वाट पाहणे हा जणू स्वभावाचा भाग आहे, असे तो सुचवतो. पण धंद्यात वाट पाहायला पैसे पडतात. माल पडून असला तरी कारागिराचा पगार थांबत नाही आणि सावकाराचे व्याज तर रविवारीही चढते. म्हणून एखाद्याने किती काळ तग धरला, यापेक्षा तो काळ त्याने कुठून आणला हे विचारायला हवे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे (१८६९–१९५६) उदाहरण घेऊ. त्यांच्या लोखंडी नांगराची गोष्ट मराठी वाचकाला पाठ असते: लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे गेली, तरी लक्ष्मणराव डगमगले नाहीत. यातल्या शेतकऱ्याला आपण फार लवकर अडाणी ठरवतो. नवा नांगर फसला तर कारखानदाराचे एक गिऱ्हाईक जाते, पण शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जातो. त्याची शंका रसायनशास्त्रात चुकीची असेल, हिशेबात नव्हती. अशा गिऱ्हाइकाला पटेपर्यंत थांबणे भागच होते, आणि ते थांबणे परवडले ते आधीच्या कामांमुळे. बेळगावात सायकलींचे दुकान होते. लक्ष्मणराव मुंबईच्या तंत्रशाळेत शिकवत असताना तिथून सायकली पाठवत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, त्यानंतर नांगर. म्हणजे नांगराच्या चिकाटीचा खर्च काही अंशी सायकलीने आणि कडब्याने भागवला. कामांची ही उतरंड बाजूला ठेवली, तर उरतो फक्त एक हट्टी माणूस. हट्टी माणसांची तर आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती.

बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारयोजनेत गेली, तेव्हा ही उतरंड पुरेना. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले, आणि १९१० मध्ये निवडुंगाच्या त्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. या व्यवहारात मला रकमेइतकेच ‘बिनव्याजी’ हे विशेषण मोलाचे वाटते. व्याज नाही म्हणजे कॅलेंडराचा धाक कमी. राजाने पैसा दिलाच, पण खरे तर वेळ दिला.

यावर कोणी म्हणेल की मग श्रेय राजाचे, उद्योजकाचे काय उरले? आश्रय मिळूनही बुडालेले धंदे काय कमी आहेत? आक्षेप बरोबर आहे, पण तो माझे म्हणणे खोडत नाही, नेमके करतो. हाती आलेला वेळ कशात घालवायचा, हे ठरवणे उद्योजकाचेच काम, आणि तिथे लक्ष्मणरावांच्या निवडी त्यांच्याच होत्या. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: आपण टिकलेल्यांचीच चरित्रे वाचतो. तो पूर्ण मान्य करूनच मी म्हणतो, की बुडालेल्यांतही चिवट माणसे असणारच. गुण दोन्हीकडे सापडत असेल, तर फरक दुसरीकडे शोधायला हवा.

तो फरक वालचंद हिराचंद यांच्या जहाजधंद्यात दिसतो. त्यांच्याकडे धाडस आणि भांडवल दोन्ही होते. १९१९ मध्ये त्यांच्या सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले, पण समोरच्या ब्रिटिश कंपन्या भाडी पाडून तोटा सोसू शकत होत्या. तिथे प्रश्न हिमतीचा नव्हता. कोणाची थैली जास्त काळ उघडी राहील, एवढाच होता. अखेर १९२३ मध्ये सिंधियाला मर्यादा घालून घेणारा करार पत्करावा लागला.

आता राजे गेले, बँका आल्या, गुंतवणूकदार आले. मग हा प्रश्न जुना झाला का? भोसरीच्या किंवा सातपूरच्या एखाद्या शेडमध्ये सुटे भाग बनवणाऱ्याला विचारावे. मोठी कंपनी माल उचलते आणि बिल अडकवून ठेवते. म्हणजे तिच्या सवडीचा खर्च हा लहान कारखानदार कॅश क्रेडिटवर व्याज भरून उचलतो. औंधात वेळ वरून खाली येत होता, इथे तो खालून वर जातो. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक केले. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला करासाठी खर्चात धरता येत नाही. तरतुदी चांगल्या आहेत. पण थकबाकीची तक्रार करायची ती आपल्याच गिऱ्हाइकाविरुद्ध, आणि पुढची ऑर्डरही त्याच्याकडूनच यायची असते. त्यामुळे लहान कारखानदार गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यालाही आपण चिकाटीच म्हणतो.