एक प्रत स्वतःस

माझ्या धाकट्या आत्याचे लग्न ठरले तेव्हा मी आठनऊ वर्षांचा असेन. पत्रिका छापून आल्या, त्यांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागले, पहिली पत्रिका देवापुढे ठेवून झाली आणि मग आमच्या ओटीवर पत्ते घालण्याचा कारखाना सुरू झाला. सगळा गठ्ठा संपल्यावर वडिलांनी आणखी एक पत्रिका उचलली, तिच्यावर शांतपणे स्वतःचेच नाव आणि आमच्याच घराचा पत्ता घातला व तिकीट चिकटवले. आई हसू लागली. म्हणाली, “अहो, आपल्याच घरच्या लग्नाचं आपल्यालाच आमंत्रण? आहेर काय आणणार आहात?”

वडील म्हणाले, “ही आली की समजायचं, बाकीच्याही पोचल्या.”

चौथ्या दिवशी पोस्टमनने ती आमच्याच ओटीवर आणून टाकली. वडिलांनी ती उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. घाईघाईत लावलेले ओले कुंकू आतल्या बाजूला चिकटले होते आणि पत्रिका उलगडताना नेमकी मुहूर्ताची मिनिटे सोलून निघाली होती. त्या रात्री कंदिलाशी बसून वडिलांनी परगावच्या पाहुण्यांना मुहूर्ताची वेळ कळवणारी कार्डे लिहिली. आई कार्डे मोजत होती. आता हसत नव्हती.

ही गोष्ट मी तीसएक वर्षे विसरलो होतो. ती आठवण्याचे कारण निराळेच घडले.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे एक ईमेल-मंडळ आहे. एका पत्त्यावर पत्र टाकले की ते सव्वाशे-दीडशे जणांना जाते. मी त्याच शाळेत शिकलो आणि आता तिथेच शिकवतो, म्हणून मीही त्यात आहे. गेल्या वर्षी आमचे निवृत्त चित्रकलेचे सर आजारी पडले. औषधपाण्याचा खर्च मोठा होता. मी त्यांना भेटून आलो आणि त्याच रात्री मंडळाला एक पत्र लिहिले. मी कादंबऱ्या लिहितो हे वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. तेव्हा ते पत्र साधे झाले नाही हे सांगायला नको. इस्पितळाच्या कागदांची छायाचित्रे जोडली आणि पाठवून दिले.

एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. एकाचेही उत्तर नाही. ‘पाठवलेली पत्रे’ या कप्प्यात माझे पत्र ठळकपणे दिसत होते. ते मी रोज उघडून वाचत असे आणि रोज माझा संताप वाढत असे. ज्या मुलांच्या वह्यांवर सरांनी स्वतःच्या हाताने रेघा सुधारल्या, ती परदेशात, पुण्या-मुंबईत बंगले बांधून बसली आणि सरांसाठी दोन ओळी लिहीनात! एका जुन्या विद्यार्थ्याचा सहज फोन आला तेव्हा मी त्याच्यावर सगळी आग ओकलो. तो बिचारा ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “सर, पण कसली मेल?”

पत्र कुणालाच गेले नव्हते. छायाचित्रांमुळे ते फार जड झाले, म्हणून मंडळाच्या यंत्राने ते व्यवस्थापकाच्या परवानगीसाठी अडवून ठेवले आणि व्यवस्थापक परगावी होता. मला हे कळले असते, जर मंडळाची पत्रे मलाही परत येत असती तर. पण माझ्या मेलसेवेची रीत अशी की, आपणच मंडळाला लिहिलेले पत्र फिरून आपल्याकडे आले तर ती त्याला दुबार समजून दडवते. ‘तुमच्याजवळ आहेच की एक!’ असा तिचा हिशेब. त्यामुळे पोचलेले पत्र आणि न पोचलेले पत्र माझ्या डोळ्यांना अगदी सारखे दिसत होते. त्या तीन आठवड्यांत दीडशे माणसांना मी मनातल्या मनात कृतघ्न ठरवून टाकले होते.

पाठवणाऱ्याला त्याच्याच पत्राची प्रत मिळावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. सरकारी कचेरीत त्याचे उत्तर फार पूर्वी देऊन झाले आहे. तिथे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची ‘स्थळप्रत’ ठेवतात. जेम्स वॉटने १७८० साली पत्राची नक्कल काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. ओलसर पातळ कागद पत्रावर दाबून शाई उतरवून घ्यायची. अक्षरे उलटी उमटत, म्हणून तो कागद मागच्या बाजूने वाचायचा. मग कार्बनचा कागद आला; त्याचे पहिले इंग्रजी पेटंट १८०६ चे. ईमेलच्या माथ्यावर आजही ‘सीसी’ ही दोन अक्षरे असतात, ती त्या काळ्या कागदाचीच आठवण. परंतु या सगळ्या नकला घरातून निघण्यापूर्वीच्या. पत्र वाटेत कसे झाले, हे त्यांपैकी एकही सांगत नाही.

ईमेल-मंडळे चालवणाऱ्यांना हा फरक कळला होता असे दिसते. १९८६ साली एरिक थॉमसने लिहिलेल्या ‘लिस्टसर्व्ह’मध्ये पत्र पोचल्याची पावती आणि पत्राची प्रत या दोन वेगळ्या सोयी आहेत, ज्याला जी हवी ती त्याने मागावी. ‘मेलमन’ नावाच्या दुसऱ्या प्रणालीतही तशीच निवड आहे. पोचपावती वेगळी आणि प्रत वेगळी! माझ्या वडिलांना हे कुणी शिकवले नव्हते. पोस्टाने नुसती पोच दिली असती तर मुहूर्ताची सोललेली मिनिटे त्यांना कधीच दिसली नसती.

आमच्या गणिताच्या सरांना मात्र हे मान्य नाही. मधल्या सुट्टीत चहा घेताना ते म्हणाले, “अहो, शब्द सुटला की सुटला. दान देऊन मागे वळून बघणाऱ्याला आपण काय म्हणतो? आणि ज्याला स्वतःचंच पत्र पुनःपुन्हा वाचायची हौस, त्याला यंत्रानं आणखी खतपाणी कशाला घालावं?” घरी हा वाद सांगितला तर बायको म्हणाली, “तुम्ही तरी कुठे! प्रकाशकाकडून पुस्तकाच्या प्रती आल्या की महिनाभर गठ्ठा सोडत नाही.” हेही खरे आहे. पहिले पान उघडताच छपाईची चूक दिसते, या भीतीने मी तो गठ्ठा सोडत नाही. आणि दिवसाला दहा पत्रे टाकणाऱ्यांना त्यांचीच दहा पत्रे परत देणे ही शिक्षा होईल, हेही मी कबूल करतो. त्यांनी ती नाकारावीत.

परंतु अहंकाराचा मुद्दा मला उलटा वाटतो. आणि तो का, हे सांगण्यासाठी मला पुढची हकीकत सांगणे भाग आहे. ती सांगायला मला आवडत नाही.

व्यवस्थापक परतल्यावर त्याने माझे अडलेले पत्र सोडले. त्याच वेळी, माझी अडचण ऐकून, शाळेतला माझा दुसरा पत्ताही त्याने मंडळात घातला. दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीतल्या संगणकावर मी पाहतो तो माझे पत्र आलेले! वर कुणाच्या तरी मुलीच्या बारशाची बातमी, खाली स्नेहमेळाव्याची तारीख आणि मध्ये मी. आजवर ‘पाठवलेल्या’ कप्प्यात ते पत्र एकटेच, आपल्याच घरच्या आरशात पाहिल्यासारखे देखणे दिसत असे. आता ते इतरांच्या पंगतीत बसले होते आणि मी ते दुसऱ्या कुणाचे असावे तसे वाचू लागलो. दुसऱ्या परिच्छेदाशी येऊन थांबलो. मी लिहिले होते की, ज्यांनी आम्हांला छाया आणि प्रकाश रेखाटायला शिकवले, त्यांच्या घरी आज वीज ठेवण्याचीही ऐपत उरलेली नाही.

मी सरांकडे गेलो त्या संध्याकाळी दिवे नव्हते हे खरे. पण ते भारनियमन होते. सगळ्या आळीतच अंधार होता. छाया-प्रकाशाची जोडी जुळली म्हणून मी सरांची वीज तोडली होती. हे वाक्य मी त्या तीन आठवड्यांत निदान वीस वेळा वाचले असेल, आणि प्रत्येक वेळी ते मला सुरेख वाटले होते.

त्याच दिवशी दुपारी एक उत्तर आले. मंडळाला नव्हे, मला एकट्याला. सरांची मुलगी आमच्याच शाळेची विद्यार्थिनी, म्हणजे तीही त्या मंडळात आहे, हे मला लिहिताना आठवले नव्हते. पत्र एका ओळीचे होते: “सर, बाबांनी वीजबिल कधीही थकवलं नाही.”

वर्गात मी मुलांना श्रुतलेखन घालतो, तेव्हा माझेच वाक्य पन्नास वह्यांतून माझ्याकडे परत येते. कुणी शब्द गाळलेला असतो, कुणी भलताच ऐकलेला असतो; पाचसहा वह्यांत एकच चूक दिसली की मला कळते, माझाच उच्चार चुकला. शिक्षकाला ही सोय रोज मिळते. कादंबरीकाराला ती नको असते, असे माझ्यावरून म्हणावे लागेल.

मदत येऊ लागली, चांगली आली. कदाचित त्या वाक्यामुळेच जास्त आली असेल, असे गणिताचे सर म्हणाले, आणि त्यावर मला काही बोलता आले नाही. दोन दिवस मी विचार करीत होतो की, क्षमा मुलीची एकटीची मागावी की सगळ्यांसमोर चूक सांगावी. मुलीने एकांतात लिहिले होते. तिला बोभाटा नको असेल. पण खोटे वाक्य दीडशे घरांत गेले होते. शेवटी मी मंडळाला चार ओळी लिहिल्या: त्या दिवशी वीज भारनियमनाने गेली होती, सरांचे बिल कधी थकलेले नाही, ते वाक्य माझ्या कल्पनेतले होते, खर्चाचे आकडे मात्र खरे आहेत. या वेळी एकही उपमा घातली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधी शिक्षकखोलीत जाऊन पाहिले. पत्र आले होते, सगळी अक्षरे जागच्या जागी होती. मुलीचे उत्तर अजून आलेले नाही. मला प्रत मिळाली, तशी तिलाही मिळाली असावी.