पाण्याचे स्वामित्व

जलविज्ञान हे स्वभावतः हिशेबी शास्त्र आहे. आकाशातून पडलेल्या पाण्यापैकी किती वाहून गेले, किती बाष्परूपाने परतले आणि किती भूमीत मुरले, याचा ताळेबंद मांडणे हे त्याचे मुख्य कार्य होय. पृथ्वीवरील सुमारे ९७ टक्के पाणी खारट असून गोड्या पाण्याचाही बराच मोठा भाग हिमरूपाने गोठलेला आहे. मनुष्याच्या वाट्यास येते ते अत्यल्पच. परंतु या वहीत जमा आणि खर्च यांखेरीज ‘मालकी’ असे सदर कोठेच आढळत नाही. ते माणसाने मागाहून घातले. आणि ते कोणत्या न्यायाने घातले, हा प्रश्न शास्त्राचा नसून नीतीचा आहे.

ठाणे जिल्ह्यात तो रोकडा उभा राहतो. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी फारसे मुरू देत नाही. ते भातसा, काळू, उल्हास यांच्या वाटेने खाडीस मिळते आणि वैशाखात विहिरी कोरड्या पडतात. म्हणून पाणी अडवावे लागते. १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले ते मुंबईसाठी. पुढे भातसाही मुंबईची तहान भागवू लागली. त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. कल्याण-डोंबिवलीकरांनीही केवळ मुंबईकडे बोट दाखवू नये. ज्या बारवीच्या पाण्यावर या परिसरातील शहरे व कारखाने चालतात, त्या धरणासाठीही कोणाची तरी घरे आणि शेते पाण्याखाली गेली आहेत.

यावर कोणी म्हणेल, ‘लक्षावधींच्या तहानेपुढे शेकडोंची तहान ती किती?’ नगराने पाणी प्यावे, हे निर्विवाद. परंतु संख्येने गरज सिद्ध होते, ऋण फिटत नाही. त्याचप्रमाणे, पाणी आमच्या डोंगरावर पडले म्हणून ते आमचे, हा युक्तिवादही टिकत नाही. कारण तो मेघ समुद्रावरून आला आणि तो समुद्र कोणाच्याच सातबारावर नाही.

मग पाड्यांचा अधिकार कशात? स्वामित्वात नव्हे, त्यांनी सोसलेल्या हानीत. ज्याची जमीन जलाशयाखाली गेली, त्याचा हंडा प्रथम भरावा, उरलेले पाणी नळाने खाली यावे. यात दया नाही, दानही नाही. ताळेबंद पुरा करण्याची ही साधी रीत आहे.