प्रमाण आणि प्रामाणिकपणा

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात. त्या किल्ल्यावरचा मावळा बुरुजाएवढा उंच असतो, दरवाजातून त्याचे डोकेसुद्धा आत जाणार नाही. आणि पायथ्याशी पेरलेली मोहरी माडासारखी डोलत असते. तरी त्या मुलाला कोणी खोटारडा म्हणत नाही. आगगाडीचे इंजिन लहान करून टेबलावर मांडणाऱ्याला मात्र आपण निराळा न्याय लावतो. एक रिबिट कमी भरला की चूक ठरते. हा निराळा न्याय का, आणि तो कुठवर ताणावा, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही.

मुलगा ‘हा रायगड’ म्हणतो तेव्हा तो आपल्याला खेळात बोलावत असतो. प्रतिकृती विकणारा ‘हे अमुक इंजिन’ म्हणतो तेव्हा तो दावा करीत असतो, आणि त्या दाव्याचे पैसे घेत असतो. मापाला आपण प्रमाण म्हणतो, पुराव्यालाही प्रमाण म्हणतो; सचोटीसाठी असलेला ‘प्रामाणिकपणा’ हा शब्द त्याच घरातला आहे. तेव्हा मापात खोटे असेल तर माणूसही खोटा, असे मानण्याचा मोह सहज होतो. माझे म्हणणे असे की, या मोहाला जरा जपूनच शरण जावे.

एक उदाहरण घेऊ. १९२८ च्या सुमारास जी. आय. पी. रेल्वेने बोरघाट आणि थळघाट चढण्यासाठी विजेची इंजिने आणली. काही स्वित्झर्लंडमध्ये बांधलेली, काही इंग्लंडात. मध्ये उंच पेटी, दोन्ही अंगांना लांब बुटकी नाके, सांध्यावर वळणारे अंग आणि चाके जोडणारे लोखंडी दांडे. परदेशात या घाटाच्या इंजिनांना मगर म्हणत. आमच्या गाडीवरच्या माणसांनी त्याचे नाव ‘खेकडा’ ठेवले. त्यांतले एक आज वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात उभे आहे. ज्याला माप घ्यायचे त्याने जाऊन घ्यावे.

आता हा खेकडा सत्याऐंशी पटींनी लहान करा. पुण्याला कोथरूडमध्ये १९९८ पासून असलेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात ज्या मापाच्या गाड्या धावतात, तेच हे माप. या मापाचे तयार रूळ मिळतात त्यांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर. ते युरोपच्या रुळांचे माप. म्हणजे प्रत्यक्षात चार फूट साडेआठ इंच. आमचे ब्रॉडगेज साडेपाच फुटांचे. त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर पाहिजेत. म्हणजे बाजारातल्या रुळांवर ठेवताक्षणीच खेकडा साडेनऊ इंचांनी आखडतो. यात आपण एकटे नाही. इंग्रजांच्या टेबलावरच्या गाड्या फुटाला चार मिलिमीटर या मापाच्या, पण धावतात त्याच साडेसोळाच्या रुळांवर. ‘हॉर्न्बी डब्लो’ १९३८ साली निघाली तेव्हापासून हा आखडलेपणा घरोघर चालत आला आहे.

रूळ हाताने केले तरी सुटका नाही. खऱ्या चाकाची जाडी त्या प्रमाणात उतरवली तर दीड मिलिमीटर भरेल. तसले चाक तयार रुळांच्या सांध्यावर घसरते, म्हणून ते जवळजवळ दुप्पट जाड करतात. ब्रॉडगेजचे सर्वांत तीव्र वळण पावणेदोनशे मीटर त्रिज्येचे. टेबलावर ते दोन मीटरचे होते, आणि पुरे वर्तुळ चार मीटरचे. नायगावच्या बी. डी. डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत घाटाचे खरे वळण मावत नाही! मग वळण आखूड करायचे, त्या वळणावर दांडे अडकू नयेत म्हणून चाके सैल ठेवायची, पायऱ्या कानसून कमी करायच्या. इंजिन धावायचे असेल तर ते थोडे खोटे असलेच पाहिजे. आणि तंतोतंत खरे असेल तर ते काचेच्या पेटीत उभे राहील. पण खरे इंजिन तर धावत होते. मग जास्त खरे कोणते?

येथवर सगळे सोपे आहे, कारण हे खोटे लादलेले आहे. कठीण प्रश्न पुढचा, आणि तो पैशाचा आहे. समजा, एका अंगाच्या साच्याला दोन लाख रुपये पडले. मोठ्या कारखान्याने चाळीस हजार नग काढले तर नगामागे पाच रुपये. लहान कारागिराने दोनशे काढले तर हजार. पावसाची पन्हळ, हातकड्या, छपरावरचे इन्सुलेटर अशी एकेक बारीक गोष्ट वाढली की हा हजार वाढत जातो. मोठ्यांनाही हे पेलतेच असे नाही: हॉर्न्बी डब्लो काढणारी मेकॅनो कंपनी १९६४ साली प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेली; जर्मनीची मेर्क्लिन १८५९ ची, तिने २००९ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. मग घरी लेथ चालवणाऱ्याची काय कथा!

आमच्या शेजारी परळ वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक टर्नर होते. त्यांनी पितळी पत्र्याचे बारा खेकडे करायचे ठरवले, निम्मे पैसे आगाऊ घेतले. एका दुकानदाराने त्यांना सोपी वाट दाखवली: स्वित्झर्लंडच्या मगरीचे तयार अंग विकत घ्या, आपला रंग द्या, आपला नंबर घाला, कोणाला कळते? त्यांनी ते केले नाही. इंजिन तयार झाले तेव्हा एका गिऱ्हाइकाने भिंग लावून पाहिले आणि इन्सुलेटर कमी असल्याचे दाखवून इंजिन परत पाठवले. गिऱ्हाईक खरे बोलत होते. टर्नरांनी बाराही छपरे पुन्हा केली. हिशेब केला तेव्हा मजुरी तर सोडाच, मोटारींचे पैसेही निघाले नव्हते. तेरावा खेकडा त्यांनी केला नाही.

या प्रकरणात कोण चुकले? गिऱ्हाइकाला दोष देणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. ज्या इंजिनाने माणसांना घाट चढवला त्याचे इन्सुलेटर मोजणे हा वेडेपणा नव्हे. तो एक प्रकारचा आदर आहे. पण आदराचेही मोल असते, आणि ते कोणी द्यायचे हा नीतीचा प्रश्न आहे. काटेकोरपणाचे व्रत मी घ्यावे आणि उपवास मात्र दुसऱ्याने करावा, हे व्रत नव्हे. गिऱ्हाइकाने चूक जरूर दाखवावी. पण ती सुधारण्याचा खर्च किंमत ठरवताना आपण कबूल केला होता का, हेही त्याने स्वतःला विचारावे.

कारागिरालाही एक बंधन आहे. परवडत नाही म्हणून एखादी गोष्ट गाळण्याचा त्याला हक्क आहे, ती लपवण्याचा नाही. मगरीला खेकडा म्हणून विकणे आणि इन्सुलेटर कमी बसवणे, ही दोन्ही खोटीच. पण पहिल्यात वस्तूच दुसरी आहे, आणि गिऱ्हाइकाच्या अज्ञानावरच तिचा नफा उभा आहे. दुसऱ्यात खोटे आहे ते मापात, आणि सांगितले तर ते खोटे उरत नाही.

आमच्या टर्नरांनी शेवटी तेच केले. दुरुस्त केलेल्या प्रत्येक इंजिनाच्या खोक्यात त्यांनी एक हातची चिठ्ठी घातली: रुळांचे अंतर कमी आहे, चाके जाड आहेत, पायऱ्या कापल्या आहेत, छप्पर वरळीच्या इंजिनाबरहुकूम आहे. असली चिठ्ठी खोक्यात आधी पडावी, पैसे ठरण्याच्याही आधी. मग घेणारा आणि देणारा, दोघांनाही कशाचा सौदा होतो आहे ते माहीत असेल.